चोवीस किलोची चिठ्ठी

मला ज्या आजाराने पाडलं त्याचं नाव जीबीएस. ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल, म्हणून त्याची शास्त्रीय माहिती देत बसत नाही. मला ती नीट कळलेलीही नाही. एवढंच सांगतो, की पोट बिघडून बरं झाल्यावर शरीरातली फौज कधी कधी चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते आणि माणूस पायांपासून वर वर बंद पडत जातो. बहुतेक जण परत उभे राहतात. मीही राहिलो. पण सुरुवातीचे तीन दिवस मी स्वतःच्या हाताने घालवले, आणि त्यात जीव जायची वेळ आली. ते तीन दिवस का घालवले, हे लिहायला मला बरं होण्यापेक्षा जास्त जड गेलं.

अंगठा

मी दुबईत टेनिसच्या रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे रॅकेटची जाळी विणतो. कुडाळ तालुक्यातून बाविसाव्या वर्षी आलो तो एका हॉटेलची टेनिस कोर्टं झाडायला. शारजात रोल्लाला एका खोलीत आठ जण राहायचो. कोर्टावरचा फिलिपिनो गटिंगवाला रजेवर गेला, तेव्हा त्याच्या मशीनवर मी एका मोडक्या रॅकेटवर हात चालवून पाहिला. मॅनेजरने पकडलं. मी त्याच्याशीच घासाघीस केली, एक महिना फुकट करतो, एक जरी रॅकेट परत आलं तर हाकलून द्या. एकही परत आलं नाही. आज एका क्लबच्या आवारात माझी स्वतःची खोली आहे, दोन मशीन आहेत, आणि राहायला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये भाड्याचं घर. कुणी हात धरून वर आणलं नाही. भाव केल्याशिवाय मी कलिंगडसुद्धा घेत नाही, आणि माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं.

गट म्हणजे त्या जाळीची दोरी. तो किती किलो ताणाने ओढायचा हे खेळाडू सांगतो. मशीन ओढतं, पण ओढलेला गट धरून ठेवायचा चिमटा आपल्या हाताने दाबावा लागतो. तो अर्धवट दाबला गेला तर गट घसरतो आणि ताण जातो. काम झालं की बाकीचे लोक छोटं मीटर लावून बघतात. मी कधी लावलं नाही. गटावर अंगठा मारला की मला कळायचं. मग तारीख, ताण आणि सही अशी एक लहान चिठ्ठी लिहून रॅकेटच्या गळ्याशी आतून चिकटवायची. ती चिठ्ठी म्हणजे माझा शब्द.

टेस ही इंग्लंडची मुलगी. दर हिवाळ्यात सरावाला दुबईत येते. पहिल्यांदा आली तेव्हा सतरा वर्षांची होती, बरोबर बाप होता. तो तिकडे सामान पोचवायची व्हॅन चालवतो. त्याने माझ्याशी गटिंगच्या दरावरून पंधरा मिनिटं हुज्जत घातली, तेव्हाच मला ही माणसं आवडली. चार वर्षं तिची सगळी रॅकेट्स मीच केली. लोकांना टीव्हीवरचं टेनिस दिसतं. तिचं टेनिस म्हणजे तुर्कस्तानातली, इजिप्तमधली छोटी कोर्टं, स्वस्त हॉटेलं, बेसिनमध्ये धुतलेले मोजे. असं करत करत ती जगात दोनशे बाराव्या नंबरावर आली. गेल्या फेब्रुवारीत इथल्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तिला वाइल्ड कार्ड मिळालं. दोन मॅच जिंकल्या की मुख्य स्पर्धा. तिच्या आयुष्यातली तेव्हापर्यंतची सगळ्यात मोठी संधी. सहा रॅकेट्स, प्रत्येकी चोवीस किलो.

त्याच्या आठवडाभर आधी माझं पोट बिघडून बरं झालं होतं. गुरुवारी मी दोन रॅकेट्स केली. शुक्रवारी सकाळपासून बोटांना मुंग्या येत होत्या. स्पर्धेच्या दिवसांत फार काम झालं की येतात, म्हणून सोडून दिलं. उरलेली चार केली. अंगठा मारला. अंगठ्याला काही कळत नव्हतं, आणि मी चिठ्ठीवर चोवीस लिहिलं.

त्या संध्याकाळी घरी चहाचा कप हातातून पडला. मंगलने, माझ्या बायकोने, फडकं आणलं आणि पुसून घेतलं.

शनिवार

टेस दोन सेटमध्ये हरली. मी मॅच पाहायला गेलो नव्हतो, खोलीवर होतो. दुपारी तिचा कोच ग्रॅहम आला. रॅकेटची बॅग टेबलावर आपटली. माझ्या खोलीत तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. त्याने खिशातून मीटर काढलं आणि एकेक रॅकेट मोजून दाखवलं.

"चोवीस. चोवीस. बावीस. साडेएकवीस. बावीस. बावीस. हे काय आहे, विलास?"

"तुझं मीटर चुकलंय."

"पहिल्या दोनला बरोबर आणि पुढच्या चारला चूक? शहाणं मीटर आहे, मेट."

पुढे मी काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. हिंदी, इंग्रजी आणि मालवणी, तिन्ही वापरल्या. गट खराब आला असेल, गाडीत उन्हात ठेवली असतील, तुम्हाला हरायला कारण पाहिजे. टेस दारात उभी होती. ती एकच वाक्य बोलली, "विलास, आर यू ओके?" मला ते टोमण्यासारखं लागलं. मी म्हटलं, "खलास. बॅग उचला. परत येऊ नका."

ते गेल्यावर मी दोघांचेही नंबर ब्लॉक केले. चार वर्षं या पोरीचं काम केलं आणि चार लोकांसमोर माझा शब्द खोटा पाडला. ही आग घेऊन मी घरी गेलो. जिना चढताना पाय जड वाटले. रागाने वाटत असतील असं समजलो.

पाय, फक्त पाय

रविवारी उठलो तर कंबर ठणकत होती आणि पायांत मुंग्या होत्या. मंगलने मला घराजवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. तरुण डॉक्टर होता. त्याने नीट विचारलं, कधीपासून, कुठे कुठे?

"पाय. आणि कंबर."

"हात?"

शर्टाची बटणं त्या सकाळी मंगलने लावली होती. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

"हात ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

असं का म्हटलं ते साफ सांगतो. हात आजारी आहेत हे मान्य केलं की ती चार रॅकेट्स माझी झाली. ग्रॅहम खरा झाला. आणि ज्याचे हात गेले त्याला रॅकेट कोण देणार? सुताराने, शिंप्याने, माझ्यासारख्या गटिंगवाल्याने हाताचं दुखणं जगापासून लपवावं हे समजू शकतं. मी ते डॉक्टरपासून लपवलं.

मंगलने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती गप्प राहिली.

कंबर आणि पाय एवढंच ऐकल्यावर डॉक्टरने मणक्याची नस दबली असेल असं धरलं. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाला, वाढलं तर लगेच या. त्याचा दोष मी कधी काढला नाही. मी त्याला अर्धाच माल दाखवला होता.

रविवारी संध्याकाळपर्यंत भिंत धरून चालायला लागलो. "इंजेक्शनचा असर आहे," असं मी घरात सांगितलं, आणि परत दवाखान्याचं नाव काढायचं नाही म्हणून ओरडलो.

रेवाचा फोन

सोमवारी सकाळी बाथरूममध्ये पडलो ते उठताच येईना. पाय आपले नसल्यासारखे. मंगल आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी रेवा, दोघींनी ओढून बाहेर आणलं. अँब्युलन्स आली. मी स्ट्रेचरवरूनही मंगलला सांगत होतो, "कंबरेचं आहे. कंबरेचंच सांग."

इमर्जन्सीत डॉ. नादिया आल्या. इजिप्तच्या, पन्नाशीच्या, आवाज खाली ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही.

"हात कसे आहेत?"

"ठीक."

"माझी बोटं दाबा. जोरात."

मी दाबली. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "कधीपासून?"

"आजच. पडलो ना, त्यामुळे."

तेवढ्यात रेवा पुढे आली. तिच्या हातात फोन होता. ती इथेच वाढलेली, घरात मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. ती म्हणाली, "ही'ज लाइंग."

"रेवा!"

"यू आर, बाबा. टेसने मला सॅटर्डेला मेसेज केला, बिकॉज यू ब्लॉक्ड हर. मी तुम्हाला दाखवणार होते, पण तुम्ही तिचं नाव ऐकलं की शाउट करता."

तिने फोन डॉक्टरांपुढे धरला. टेसने दोन चिठ्ठ्यांचा फोटो पाठवला होता. पहिली गुरुवारच्या रॅकेटची, त्यावरचा चोवीस माझ्या नेहमीच्या अक्षरात. दुसरी शुक्रवारच्या रॅकेटची. त्यातला दोन आडवा पडला होता आणि चाराची टोकं जुळत नव्हती. सही तर एखाद्या पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखी. खाली टेसने लिहिलं होतं की मला रॅकेटचं काही नाही, पण हे तुझ्या बाबांचं अक्षर नाही, त्यांच्या हाताला काहीतरी झालंय, प्लीज त्यांना डॉक्टरकडे ने.

मी धरून बसलो होतो की त्या दोघांपैकी एकानेही मला काय होतंय ते विचारलं नाही. टेसने दोनदा विचारलं होतं. एकदा दारात, एकदा फोनवर.

मंगल म्हणाली, "शुक्रवारी कप पडला. रविवारी बटणं मी लावली." हिंदीत म्हणाली, डॉक्टरांना समजावं म्हणून.

डॉ. नादियांनी घड्याळ पाहिलं. "म्हणजे शुक्रवार ते सोमवार. मिस्टर विलास, एक लांब श्वास घ्या आणि तो संपेपर्यंत मोठ्याने मोजा."

मी तेहतीसपर्यंत गेलो.

"ठीक. आजपासून हा आकडा आम्हाला दर थोड्या वेळाने लागेल."

"किती दिवस?"

"बघू. तुम्ही बरे व्हाल, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको, तारीख सांगा."

"तारीख नाही माझ्याकडे."

"अंदाजे? दोन आठवडे?"

"मिस्टर विलास," त्या म्हणाल्या, "हा बाजार नाही."

एका श्वासात

आयसीयूतला दिवस त्या आकड्यावर चालायचा. माझ्या छातीला नळ्या-तारा होत्या, हातात पाच दिवस चालणारं औषध ठिबकत होतं. श्वास मोजायचं फुंकायचं यंत्रही होतं, पण चेहरा लुळा पडत चालल्याने ओठांतून हवा गळायची. म्हणून मोजणी. नर्स होती शीजा, केरळची, तिशीतली, हिंदी मोडकं पण जीभ तिखट.

"चलो भैया. सांस लो. गिनो."

मंगळवारी सकाळी सत्तावीस. दुपारी बावीस. वर चढणारी लुळेपणाची रेघ मी अंगावर बघू शकत होतो. काल मांडी, आज पोट. हात पलंगावर दुसऱ्या कुणीतरी विसरून गेल्यासारखे पडलेले. डॉ. नादियांनी मंगलला सांगितलेलं मी ऐकलं होतं. पंधराच्या खाली गेले तर आम्ही थांबणार नाही, घशात नळी घालू.

नळीची मला जी भीती होती तिचं वर्णन करता येत नाही. ज्यांना ती घालायची वेळ आली आहे त्यांना सांगतो, भीती वाटणं बरोबर आहे, नळी वाईट नाही. पण तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. माझ्या गावचा एक जण मुंबईत नळीवर गेला तो परत आला नव्हता. माझ्या डोक्यात एकच हिशोब, पंधराच्या वर राहायचं. कसंही.

तर बुधवारी दुपारी शीजा आली. मी श्वास घेतला आणि आकडे एकमेकांवर रचत, गिळत, अर्धे अर्धे म्हणत सुटलो.

"चौबीस!" मी म्हटलं.

"भैया, ट्रेन पकडना है क्या? ये चौबीस नहीं है."

"गिना ना मैंने? लिख दो चौबीस."

"लिखूँ?" तिने कागदावर पेन टेकवलं. दमली होती, आणखी चार पेशंट होते तिला. "पक्का लिखूँ? रात को मैं नहीं रहेगी, दूसरा सिस्टर आएगी. वो पेपर देखेगी, आपको नहीं."

चोवीस. जगात एवढे आकडे असून माझ्या तोंडून तोच यावा.

मला त्या चिठ्ठीवरचा आडवा पडलेला दोन दिसला. टेसने तो आकडा वाचला, त्यावर विश्वास ठेवला आणि ते रॅकेट घेऊन कोर्टवर गेली. आता दुसरी सिस्टर हा आकडा वाचेल आणि निवांत पुढच्या पलंगाकडे जाईल.

"रुको," मी म्हटलं. "काटो. फिर से."

"स्लो?"

"स्लो."

मी सावकाश मोजलं. प्रत्येक आकडा पुरा. अकराला छाती भाजायला लागली. तेराला डोळ्यांपुढे ठिपके आले. चौदा म्हणालो आणि पंधरासाठी आतमध्ये काहीच उरलं नव्हतं.

शीजाने चौदा लिहिलं आणि धावत गेली.

पाच मिनिटं

नळीच्या आधी डॉ. नादियांनी मंगलला पाच मिनिटं आत सोडलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. ती चिडलेली होती, आणि अठरा वर्षांत ती माझ्यावर अशी चिडलेली मी पाहिली नव्हती, कारण मी तिला संधीच दिली नव्हती.

"अहो, एक सांगायचंय. मग पुन्हा बोलता येईल की नाही माहीत नाही," ती म्हणाली. "त्या क्लिनिकमध्ये तुम्ही खोटं बोललात ते मला माहीत होतं. कप पडला ते मी पाहिलं होतं. बटणं मी लावली होती. मी गप्प बसले."

मी मान हलवायचा प्रयत्न केला.

"का बसले माहितीये? डॉक्टरसमोर ओरडला असतात. मग गाडीत. मग घरी. मग चार दिवस. मला त्या चार दिवसांचा कंटाळा आला होता. म्हणून मी तुम्हाला तसंच घरी घेऊन आले. आता तुम्हाला काही झालं तर मी रेवाला काय सांगू? तुझ्या बाबांच्या रागाला घाबरून मी गप्प बसले?"

मला उत्तर द्यायचं होतं. श्वास पुरत नव्हता. डॉ. नादिया परत आल्या. मंगल बाजूला झाली. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात तसंच राहिलं, आणि त्यावरून नळी गेली.

नळी

अकरा दिवस. त्यातले बरेच औषधाच्या गुंगीत गेले. जे जागेपणी गेले त्यातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, श्वास घ्यायचा त्रास संपला होता. मशीन घेत होतं. मला लाज वाटेल एवढा आराम वाटला.

दुसरी, आवाज गेला, हात गेले, चेहरा गेला, तर माणसाकडे भांडायला काहीच उरत नाही. हो ला एकदा डोळे मिटायचे, नाही ला दोनदा. एवढ्या भांडवलावर भाव करता येत नाही.

तिसरी, मंगलने एकदा फोन कानाशी धरला. गावाहून मोठा भाऊ बोलत होता. ग्रामदेवतेपुढे उभा राहून गाऱ्हाणं घालत होता. "बा देवा म्हाराजा, तुजा लेकरू परदेशात आडवा पडला असा, तेका उभा कर रे म्हाराजा." मागे चार माणसं, "व्हय म्हाराजा!" भावाने पाच नारळ कबूल केले. मशीनखाली पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, दोनात झालं असतं. शीजाने विचारलं, "ये कौनसा गाना है?" तेव्हा मंगल पहिल्यांदा हसली.

चौथी, वेदना. नसा जाग्या होताना चादर लागली तरी भाजल्यासारखं होतं. ते लवकर सांगा, त्याला औषध असतं. मी डोळे मिटून मिटून सांगितलं. या वेळी पुरा माल दाखवला.

बाराव्या दिवशी नळी काढली. घसा फाटलेला. मंगल समोर होती. मी म्हटलं, "चूक माझी. तुझी नाही. रेवाला तेच सांग."

"ते मला अकरा दिवसांपूर्वीच माहीत होतं," ती म्हणाली. "आता बोलू नका, घसा दुखेल."

पण तिने माझा हात हातात घेतला. मला तो स्पर्श कळला नाही. दिसला फक्त.

उभं राहणं

पुढचे चार महिने व्यायामाचे. पलंगावर बसणं, मग उभं राहणं, मग वॉकर. फिजिओथेरपिस्टशी मी रोज घासाघीस करायचो, तो दहा म्हणाला की मी बारा. घरी यायच्या आधी त्याने मला कपड्यांचे चिमटे दिले, दोरीला लावायचे आणि काढायचे. ज्याने आयुष्यभर पोलादी चिमटे दाबले त्याला प्लास्टिकचा चिमटा उघडेना. त्या दिवशी मी खोलीतल्या सगळ्यांवर ओरडलो. मग शांतपणे सॉरी म्हणालो. दोन्ही गोष्टींची फिजिओला सवय असावी.

घरात सगळं गोड झालं असं समजू नका. मंगल नर्सरीत नोकरी करून माझं करत होती आणि दमत होती. एकदा मी आमटीत मीठ कमी आहे म्हणून आवाज चढवला, तर तिने ताट तिथेच ठेवलं आणि म्हणाली, "परत म्हणा. खाली आवाजात." मी म्हटलं. तिने मीठ आणून दिलं.

टेस या काळात जगभर फिरत होती. नंबर खाली आला, तीनशेच्या जवळ गेला. रेवा मला स्कोअर वाचून दाखवायची. मी टेसचा फोन नंबर अनब्लॉक केला होता. मेसेज काय लिहावा ते सुचत नव्हतं. "थँक यू" असं एकदा लिहिलं. तिचं उत्तर आलं, "हाताचं काय?"

साडेतेवीस

नोव्हेंबरमध्ये ती परत आली. मी दुपारचे दोन तास खोलीवर बसायला लागलो होतो, एका मशीनवर हळूहळू सरावाची रॅकेट्स करत. टेस आणि ग्रॅहम दोघं दारात आले. ग्रॅहम बाहेरच थांबला. टेसने एक रॅकेट टेबलावर ठेवलं.

"चोवीस," ती म्हणाली. "वेळ लागला तरी चालेल."

पूर्वी जे पंचवीस मिनिटांत व्हायचं त्याला अडीच तास लागले. प्रत्येक चिमटा दाबून झाल्यावर मी दुसऱ्या हाताने पुन्हा दाबत होतो. टेस खुर्चीवर बसून होती. मध्येच म्हणाली, "ती मॅच मी तशीही हरले असते. सात डबल फॉल्ट केले होते. सर्व्हिसच पडत नव्हती."

"चार रॅकेट्स सैल होती."

"तीन फारशी सैल नव्हती."

"चार," मी म्हटलं. "शुक्रवारची चारही माझी चूक."

ती हसली. "लोक तुझ्याकडून डिस्काउंट मागतात, मी देतेय तर तू घेत नाहीस?"

"या मालावर नाही."

मी ते इंग्रजीत, मोठ्याने म्हटलं. बाहेर ग्रॅहमला ऐकू जावं म्हणूनच. तो आत आला. चार गिऱ्हाइकांसमोर मीटर काढायची गरज नव्हती, हे माझं म्हणणं आजही कायम आहे, आणि ते मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "नव्हती." मग म्हणाला, "पण तू मला जे बोललास त्यातलं अर्धं मी नंतर एकाकडून भाषांतर करून घेतलं."

"अर्धंच?"

"उरलेलं सांगायला तो तयार नव्हता."

रॅकेट झालं. सवयीने मी अंगठा मारला. अंगठ्याला काही कळलं नाही. मी ग्रॅहमपुढे हात केला. त्याने मीटर दिलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःच्या कामाला मीटर लावलं. साडेतेवीस.

"जवळच आहे," टेस म्हणाली. "चोवीस लिही."

मी चिठ्ठी घेतली. पेन मुठीत धरावं लागतं अजून. तारीख लिहिली, सही केली आणि मधे साडेतेवीस लिहिलं. अक्षर अजून वाकडंच होतं. "वाचता येतंय?" मी विचारलं. तिने उजेडात धरून पाहिलं, हो म्हणाली, रॅकेटच्या गळ्याशी चिकटवली आणि कोर्टवर गेली.

ग्रॅहमचं मीटर माझ्या टेबलावर राहिलं. विसरला की ठेवून गेला, मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात टेसची तीन रॅकेट्स आली, तेव्हा तिन्हींना लावलं.

साडेतेवीसची चिठ्ठी लिहिली त्या संध्याकाळी घरी आलो. मंगल रोज विचारते तसं तिने चहा ओतता ओतता विचारलं, "आज हात कसे आहेत?"

"डावा बरा आहे. उजव्याचा अंगठा आणि दोन बोटं बधिर. दुपारी पेन दोनदा सुटलं."

तिने मान हलवली आणि कप माझ्या डाव्या बाजूला ठेवला.